पांढरी दोन, काळी दोन

डोरियन मोडचे सूर शिकायला दहा मिनिटं पुरतात. पियानोवर डीपासून वरच्या डीपर्यंत नुसत्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवल्या की मोड हाती आला. पेटीवर हात बसलेल्या माणसाला तर तेवढाही वेळ लागत नाही. पांढरी दोनला षड्ज धरायचा, की समोर काफी थाट उभा: गंधार-निषाद कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. भीमपलास आणि बागेश्री ऐकत मोठ्या झालेल्या मराठी कानाला या सात सुरांत अनोळखी असं काहीच नाही. मग त्यावर अख्खं पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे.

सूर कळतात त्याच दिवशी अडचण सुरू होते, म्हणून. सातही सूर बरोबर लागतात, एकही चुकत नाही, तरी जे वाजतंय ते सोलो वाटत नाही. पलटे घोटल्यासारखं वाटतं. चुकीचा सूर लागण्याची भीती गेली की वाजवणाऱ्याला धरायला काही उरत नाही. कॉर्ड भराभर बदलत असतील तर निदान त्यांच्यामागे धावता तरी येतं. मोडमध्ये खाली सगळं स्थिर असतं. वाक्य कुठे सुरू करायचं, कुठे मोडायचं, कुठे गप्प बसायचं हे सगळं वाजवणाऱ्यानेच ठरवायचं असतं, आणि ते ठरवण्याची सवय आपल्या शिकवण्यांत कुणी लावत नाही. या पुस्तकाचा सारा भर त्या सवयीवर आहे. स्केलचे तक्ते यात फार थोडे सापडतील.

शिकण्यासाठी मी एकच रचना निवडली आहे: माइल्स डेव्हिसची ‘सो व्हॉट’. 2 मार्च 1959 रोजी न्यू यॉर्कमधल्या कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चच्या इमारतीत, ती ध्वनिमुद्रित झाली. ट्रम्पेटवर डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टोवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स, बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड बाजारात आली आणि ‘सो व्हॉट’ तिच्यातली पहिली रचना झाली. मोडवरच्या वादनाचा याहून साधा आणि याहून कठीण नमुना मला माहीत नाही.

साधा अशासाठी, की तिचा आराखडा एका ओळीत सांगता येतो. बत्तीस बारचं एक आवर्तन. जॅझवाले त्याला कोरस म्हणतात. पहिले सोळा बार डी डोरियन, पुढचे आठ ई-फ्लॅट डोरियन, शेवटचे आठ पुन्हा डी डोरियन. आपल्या भाषेत सोळा बार पांढरी दोनचा काफी, आठ बार काळी दोनचा काफी, आठ बार परत पांढरी दोन. संपलं. सगळी गंमत आणि सगळी गोची या एवढ्याशा हिशेबात आहे.

ही रचना इतकी मोकळी का झाली, हे समजायला तिच्या आधीची वीस वर्षं डोळ्यांसमोर हवीत. 1940च्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप नावाची शैली घडवली. त्या शैलीत कॉर्ड दर बारला, कधी कधी दर दोन मात्रांना बदलतात आणि वादकाची तान त्या प्रत्येक कॉर्डच्या पोटातून काढावी लागते. हे कसब थोर होतं. पण दहा-पंधरा वर्षांत त्याचाच सापळा झाला. कॉर्डच वाक्य ठरवू लागल्या. 1953मध्ये जॉर्ज रसेल या संगीतकाराने लिडियन स्केल पायाभूत मानून एक सिद्धान्तग्रंथ प्रसिद्ध केला. कॉर्ड आणि स्केल ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, ही त्यातली कल्पना न्यू यॉर्कच्या वादकांत झिरपली. इव्हान्सने रसेलबरोबर कामही केलं होतं. संगीत कॉर्डांनी फार दाट झालंय, आता थोड्या कॉर्डांवर अनेक शक्यता शोधायला हव्यात, अशा अर्थाचं डेव्हिस 1958मध्ये मुलाखतीत बोलत होता. त्याच वर्षीच्या ‘माइलस्टोन्स’ या रचनेत त्याने तो प्रयोग करूनही पाहिला.

यातला योगायोग मला फार आवडतो. ‘सो व्हॉट’मध्ये दोन मोडांवर ऐसपैस वाजवणारा कोल्ट्रेन दोनच महिन्यांनी, मे 1959मध्ये, ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित करत होता. त्या रचनेत कॉर्ड इतक्या वेगाने तीन वेगवेगळ्या षड्जांमधून फिरतात, की पियानोवरचा टॉमी फ्लॅनगन हा पट्टीचा वादकही सोलोत अडखळलेला स्पष्ट ऐकू येतो. फ्लॅनगनने 1982मध्ये तीच रचना स्वतःच्या रेकॉर्डवर पुन्हा वाजवली आणि निवांतपणे, देखणी वाजवली. म्हणजे मोड आला म्हणून कॉर्डांचं राज्य संपलं असं काही झालं नाही. एकाच माणसाच्या हातात दोन्ही वाटा एकाच वसंतात होत्या. नवशिक्याने मोडपासून सुरुवात करावी असं मी म्हणतो ते मोड सोपा म्हणून नाही. मोडमध्ये विचार करायला वेळ मिळतो, आणि विचार केला नसेल तर ते लगेच उघडं पडतं.

आता पियानोकडे. ‘सो व्हॉट’ची धून बास वाजवतो आणि तिला उत्तर देतात दोन कॉर्ड, आधी पियानोवर, मग फुंकवाद्यंही साथीला येतात. त्यातली पहिली कॉर्ड खालून वर अशी आहे: ई, ए, डी, जी, बी. दुसरी एक पायरी खाली: डी, जी, सी, एफ, ए. नेहमीची कॉर्ड तिसऱ्या-तिसऱ्या सुरांची चळत असते. इथे खालचे चार सूर षड्ज-मध्यमाच्या अंतराने रचलेत आणि वर तेवढं एक शुद्ध गंधाराचं अंतर ठेवलंय. चौथ्यांच्या या रचनेमुळे कॉर्ड मेजर की मायनर ते ठासून सांगत नाही. तिच्यात हवा राहते. संगीताच्या वर्गांत या रचनेला आज ‘सो व्हॉट कॉर्ड’ असंच नाव पडलं आहे.

त्या दोन कॉर्डांचे फक्त वरचे सूर ऐका: बी आणि ए. डी षड्ज धरला तर धैवत आणि पंचम. डोरियनचा जीव त्या शुद्ध धैवतात आहे. तो कोमल केला की आसावरी थाट होतो, पाश्चात्त्य भाषेत इओलियन, आणि चेहराच बदलतो. तेव्हा धून सुरू झाल्यापासून इव्हान्स दर दोन बारला आपल्या कानावर हेच घालतोय: धैवत शुद्ध आहे, आणि तो पंचमावर येऊन टेकतो. मोडचा परिचय याहून कमी शब्दांत देता येईल असं वाटत नाही. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात या दोन कॉर्डांखेरीज काहीही वाजवायचं नाही. कंटाळा येईल. येऊ द्यावा.

थाटांचा उल्लेख केलाच आहे, तर त्यातला धोकाही सांगायला हवा. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले, पेशाने वकील. त्यांनी हिंदुस्थानी रागांची जी दहा थाटांत मांडणी केली, तिच्यातले सहा थाट युरोपीय मोडांशी सुरासुराने जुळतात. बिलावल म्हणजे आयोनियन, काफी डोरियन, भैरवी फ्रिजियन, कल्याण लिडियन, खमाज मिक्सोलिडियन, आसावरी इओलियन. सातव्या लोक्रियनला शुद्ध पंचमच नाही, त्यामुळे तो आपल्या यादीत बसत नाही. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी त्यांच्या यादीत बसत नाहीत. तक्ता पाहून मराठी विद्यार्थी खूश होतो, आणि तिथेच फसतो. आपल्याकडे थाट कुणी गात नाही. थाट ही राग लावून ठेवायची फडताळं. गायला जातो तो राग. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतात, न्यासाच्या जागा असतात, काही सुरांना काही वाटांनीच जावं लागतं. भीमपलासात चढताना रिषभ-धैवत घ्यायचे नाहीत. बागेश्रीत पंचम जपून. हे नियम गायकाला बांधतात आणि त्याच वेळी त्याच्या तोंडी वाक्यंही घालतात. जॅझवाला थेट थाटावरच वाजवतो. त्याला कुणी चलन दिलेलं नसतं, पकड दिलेली नसते. ती त्याने त्या दोन-तीन मिनिटांत स्वतः तयार करायची असते.

म्हणून मोडला ‘त्यांचा राग’ म्हणणं मला पटत नाही, आणि तशी ओळख करून देणाऱ्या लेखांनी नुकसानच केलंय. आपला पेटीवाला ‘सो व्हॉट’वर बसला की हात आपसूक भीमपलासच्या वाटेने चढतो. ते कानाला गोडही लागतं. पहिले सोळा बार तर इतकं छान जमतं, की ऐकणारे माना डोलावतात. मग येतो सतरावा बार.

सतराव्या बारला षड्ज बदलतो. आपल्या संगीतात तंबोरा एकदा लागला की मैफिलीतला तो राग संपेपर्यंत षड्ज हलत नाही. मूर्च्छनेचा खेळ कुणी केलाच तर तोही क्षणभराचा आणि तंबोरा आपल्या जागी राखून. इथे सगळी जमीनच अर्ध्या सुराने वर जाते, आठ बार तिथे राहते आणि काही घडलंच नाही अशी परत खाली येते. रागाच्या वाटेने चाललेला हात या क्षणी दगा देतो, कारण भीमपलासची बढत अर्ध्यावर तोडून काळी दोनवर तीच पुढे चालू ठेवायची कोणतीही रीत त्याने शिकलेली नसते. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्यांची अडचण उलटी. ग्रेड परीक्षा देत आलेल्या मुलाला ई-फ्लॅटवर जायला काहीच वाटत नाही. बोटं तयार असतात. पण समोर कागद नसल्यावर बोटांना सांगायचं काय, हे त्याला सुचत नाही.

या सतराव्या बारसाठी पुस्तकात तीन प्रकरणं खर्ची घातली आहेत. इथे त्यातला गाभा तेवढा सांगतो. डी डोरियन म्हणजे सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. ई-फ्लॅट डोरियन म्हणजे पाचही काळ्या पट्ट्या आणि त्यांच्या जोडीला एफ आणि सी या दोन पांढऱ्या. म्हणजे दोन्ही मोडांत सामाईक सूर दोनच: एफ आणि सी. डीच्या घरात एफ हा कोमल गंधार असतो, ई-फ्लॅटच्या घरात तोच रिषभ होतो. सी आधी कोमल निषाद असतो, मग शुद्ध धैवत होतो. सोळाव्या बारच्या शेवटी एफवर किंवा सीवर येऊन थांबायचं आणि तो सूर धरूनच सतराव्यात शिरायचं. पट्टी तीच, बोट तेच, खालची कॉर्ड बदलली की सुराचा अर्थ बदलतो. हे एकदा कानाने अनुभवलं, की पाश्चात्त्य संगीतात सुराची ओळख खालच्या स्वरसंवादावर कशी ठरते याचा वेगळा तास घ्यावा लागत नाही. बागेश्री गाणाऱ्यांना तर सी धैवत झाल्याची जागा विशेष भावते.

दुसरी युक्ती नवशिक्यांसाठी. पाच काळ्या पट्ट्या ई-फ्लॅटपासून वाजवल्या तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि मिळतात. म्हणजे आपला धानी. पहिले काही आठवडे सतरा ते चोवीस या आठ बारांत उजव्या हाताने फक्त काळ्या पट्ट्या वाजवाव्यात. चुकायची सोयच नाही. पंचविसाव्या बारला परत पांढऱ्यांवर यायचं. ही कुबडी आहे आणि ती वेळेत टाकून द्यायला हवी, नाहीतर रिषभ आणि धैवत, म्हणजे मोडला चेहरा देणारे सूरच, त्या आठ बारांतून कायमचे हद्दपार होतात.

खरा गोंधळ मात्र सतराव्या बारपेक्षा त्याच्या आधी होतो. कागदावर डीचे सोळा बार दिसतात. पण आवर्तन फिरतं राहिलं, की शेवटचे आठ आणि पुढच्या कोरसचे पहिले सोळा जोडले जातात आणि डीचे सलग चोवीस बार होतात. शहाण्णव मात्रा. मूळ रेकॉर्डवर लय मिनिटाला साधारण 136 ठोक्यांची आहे, म्हणजे जवळपास पाऊण मिनिट खाली काहीच बदलत नाही. कॉर्डांच्या रचनेत हरवलेला वादक पुढच्या कॉर्डला कान लावून वाट शोधू शकतो. इथे वाट सांगणारी खूणच नाही. आता आठांचा दुसरा गट चाललाय की तिसरा? अशा वेळी बहुतेक जण बोटांवर मोजू लागतात आणि मोजायला लागल्याबरोबर वाजवणं थांबतं. यात आपल्या तालशिक्षणाचा उपयोग आहे. विलंबित एकताल ऐकणारा माणूस आवर्तन मोजत नाही, त्याला ते अंगात जाणवतं. समेच्या आधी श्वास आपोआप आवरता होतो. आठ बारचा एक गट म्हणजे बत्तीस मात्रांचं छोटं आवर्तन, आणि अशा चार आवर्तनांचं एक मोठं, एवढंच अंगात मुरवायचं. त्यासाठी टाळी कुठे द्यायची, तेवढं बदलावं लागतं. आपण पहिल्या मात्रेवर देतो. जॅझमध्ये टाळी किंवा चुटकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. ड्रमवाल्याची पायाने दाबायची झांजही तिथेच मिटते. मेट्रोनोम त्या दोन मात्रांवर धरून सराव केल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडू नये.

डाव्या हाताबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण आपला सगळ्यात मोठा तोटा तिथे आहे. पेटीवर डावा हात भात्यावर असतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण उजव्या हातात सगळी हुशारी साठवली. गोविंदराव टेंब्यांपासून तुळशीदास बोरकरांपर्यंतच्या पेटीवादनाच्या परंपरेत ती हुशारी किती वरच्या दर्जाची होती, हे सांगायला नको. पियानोवर मात्र भाता नाही, आणि दाबलेली पट्टी सूर धरूनही ठेवत नाही. सूर लागतो त्याच क्षणापासून विरायला लागतो. पेटीवाला नकळत ती पोकळी उजव्या हाताच्या जास्त सुरांनी भरतो. त्यातून न संपणारी तान तयार होते आणि डावा हात मांडीवर पडून राहतो.

डाव्या हाताचं काम डी वाजवत बसणं हे नाही. ते बासवाला करतो, आणि तोही डीवर ठाण मांडत नाही. तो सतत चालत असतो. तंबोऱ्यासारखा आधार इथे कुणीच देत नाही. डाव्या हाताने चौथ्यांच्या तीन-तीन सुरांच्या चळती द्यायच्या: डी-जी-सी, ई-ए-डी, जी-सी-एफ, ए-डी-जी, बी-ई-ए. मोडच्या सात सुरांवर अशा सात चळती होतात, पैकी या पाच निर्मळ. उरलेल्या दोन, एफवरची आणि सीवरची, सांभाळून वापरायच्या, कारण त्यांत एफ आणि बी एकत्र येतात. हे दोन सूर एकत्र ठासून वाजले की कानाला जी सेव्हन कॉर्डचा भास होतो आणि मन सीकडे ओढ घेतं. दोन-तीनदा असं झालं की पांढरी दोनचा काफी राहत नाही, पांढरी एकचा बिलावल होतो. एकही सूर चुकलेला नसतो, तरी षड्ज निसटलेला असतो. या चुकीला पट्ट्यांवर काहीच खूण नाही. ती फक्त कानाला कळते.

चौथ्यांच्या या डाव्या हाताचा थोर वादक म्हणजे मॅकॉय टायनर. कोल्ट्रेनने ऑक्टोबर 1960मध्ये ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे नाटकातलं गाणं घेऊन त्यात दोन कॉर्डांचा झुलता पट्टा पसरला. त्यावरचा टायनरचा सोलो मोडच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकायलाच हवा. पुढे ‘इम्प्रेशन्स’ या रचनेत तर कोल्ट्रेनने ‘सो व्हॉट’चाच बत्तीस बारचा आराखडा, तेच दोन मोड, कितीतरी जलद लयीत वापरले. टायनर डाव्या हाताने खाली डी-ए असा पंचम दणकून ठेवतो, हात उचलून वर चौथ्यांच्या चळती फेकतो आणि उजवा हात पाच सुरांच्या तुकड्यांत पळत असतो. मध्येच सगळं अर्ध्या सुराने वर सरकवतो, म्हणजे मोडच्या बाहेर जातो आणि परत येतो. विवादी सूर लावणाऱ्या गवयाचं धाडस आणि जबाबदारी इथे आठवावी. बाहेर जाण्यापेक्षा कुठल्या मात्रेवर घरी परतलो, यावर सगळं ठरतं. हा भाग पुस्तकात शेवटी येतो. तो आधी उघडणारे उघडतीलच, त्यांना कोण अडवणार.

मला स्वतःला जवळचा वाटतो तो इव्हान्स. ‘सो व्हॉट’मध्ये डेव्हिस, कोल्ट्रेन आणि अ‍ॅडर्ली यांचे सोलो झाल्यावर त्याची पाळी येते. त्याच्या वाट्याला एकच कोरस आहे, आणि पाठीमागे फुंकवाद्यं धुनेतला तो दोन सुरांचा उत्तराचा तुकडा वाजवत राहतात. दुसरा कुणी असता तर एवढ्याशा जागेत सगळं कौशल्य ओतलं असतं. इव्हान्स एकमेकांना चिकटलेल्या सुरांचे छोटे पुंजके ठेवतो, थांबतो, फुंकवाद्यांना बोलू देतो, मग त्यांच्या मधल्या जागेत आणखी एक पुंजका. विरत जाणारा सूर ही पियानोची उणीव आहे असं आपण समजतो. तो त्या विरण्यावरच वाक्य उभं करतो. त्या रेकॉर्डच्या वेष्टनावरचं टिपणही त्यानेच लिहिलं आहे. पातळ ताणलेल्या कागदावर काळ्या रंगाने चित्र काढणाऱ्या जपानी चित्रकारांचा दाखला त्यात आहे: कुंचला अडखळला तर रेघ बिघडते किंवा कागद फाटतो, खोडायची सोय नाही. या विषयावर त्या पानभर टिपणाहून चांगली प्रस्तावना झालेली नाही. माझी ही लांबलेली प्रस्तावना वाचून कंटाळलेल्यांनी ते शोधून वाचावं.

मुंबई-गोव्याचा या कथेशी संबंध आहे, पण तो ओढूनताणून मोठा करायला नको. 1930च्या दशकात ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादक वाजवत होता. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक मुंबईत येऊन नाचाच्या बॅंडमध्ये आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत स्थिरावले. चिक चॉकलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोमंतकीय ट्रम्पेटवाल्याची आणि सी. रामचंद्रांची जोडी 1951च्या ‘अलबेला’मुळे अनेकांना माहीत असते. ते सगळं मात्र नाचाचं, मोडच्या आधीचं जॅझ होतं. मोडचा विचार इथे उशिरा रुजला, ब्रॅझ गोन्साल्विस आणि लुई बँक्स यांच्या पिढीत, आणि 1978मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जॅझ यात्रेने त्याला श्रोते मिळवून दिले. राग आणि जॅझ यांच्या संयोगातून त्यानंतर चांगलंही पुष्कळ निघालं. पण एक सोपी वाटही पडली: खाली एकच कॉर्ड धरून ठेवायची, वर राग वाजवायचा आणि त्याला फ्यूजन म्हणायचं. त्यात पियानोवादकाला करायला काही उरत नाही. म्हणूनच या पुस्तकात मी षड्ज बदलणारी रचना हट्टाने निवडली.

सोबतीला बासवाला-ड्रमवाला नसेल, आणि तो बहुतेकांकडे नसतोच, तर इव्हान्सची ‘पीस पीस’ ही एकट्या पियानोची रचना ऐकावी. 1958च्या अखेरीस ध्वनिमुद्रित झालेल्या या रचनेत डावा हात शेवटपर्यंत दोनच कॉर्डांवर झुलत राहतो आणि उजवा सुरुवातीच्या साध्या सुरांपासून फार दूर जातो. एकट्याने सराव करायचा हा आदर्श नमुना. डोरियनसाठी तसाच झुलता डावा हात चौथ्या प्रकरणात दिला आहे. सुरुवातीला उजव्या हाताला तीनच सूर, सा, कोमल ग आणि म, असं बंधन घातलंय. तीन सुरांत बत्तीस बार ऐकण्यासारखे वाजले नाहीत, तर सात सुरांतही वाजणार नाहीत.

वाद्याबद्दल शंका येतात म्हणून लिहितो. घरी अकूस्टिक पियानो असलाच पाहिजे असं नाही. एकसष्ट पट्ट्यांचा साधा कीबोर्ड चालतो. पट्ट्यांना वजन असेल तर बरं, कारण सुराचा लहानमोठेपणा बोटांच्या दाबाने आला पाहिजे. कीबोर्डातले तयार ताल बंद ठेवावेत.

आणि एक सूचना मूळ रेकॉर्डबरोबर वाजवणाऱ्यांसाठी. 2 मार्चच्या त्या ध्वनिमुद्रणात मुख्य यंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू कित्येक वर्षं थोड्या चढ्या स्वरात विकली गेली. 1990च्या दशकात ही चूक दुरुस्त करून नव्या आवृत्त्या निघाल्या. जुनी तबकडी लावून बसलात आणि आपला डी रेकॉर्डमधल्या डीशी जुळेना, तर पियानो लावणाऱ्याला फोन करू नका. दुरुस्त आवृत्ती मिळवा.